पिशवी काढली, दुखणं राहिलं

पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या पेशंटला घरी जाताना आम्ही एक छोटी प्लॅस्टिकची डबी द्यायचो. तिच्यात त्याचेच खडे असायचे. कुणाचे हरभऱ्याएवढे दोन-चार, कुणाचे मोहरीसारखे बारीक आणि मोजता न येण्याइतके. लोक ती डबी पाहुण्यांना दाखवायचे. एका बाईंनी ती दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये ठेवली होती, आणि त्यांची सून मला ड्रेसिंगच्या वेळी हळूच म्हणाली होती, "सिस्टर, तुम्हीच सांगा हो त्यांना काहीतरी." दुखण्याचं कारण असं हातात मिळालं की माणसाला वाटतं, संपलं. घरच्यांना तर जास्तच वाटतं. खडा गेला, पिशवी गेली, मग आता दुखायला उरलंय काय?

सांगलीतल्या एका खासगी सर्जिकल हॉस्पिटलमध्ये मी एकतीस वर्षं नर्स होते. शेवटची बारा वर्षं ओपीडी आणि ड्रेसिंगची खोली माझ्याकडे होती. मूळची मी पाटणची, आता निवृत्तीनंतर मलकापूरला लेकीच्या शेजारी राहते. इथल्या बायका विचारतात, इतकी ऑपरेशनं बघितली, भीती नाही का वाटली? खरं सांगायचं तर ऑपरेशनची भीती मला कधीच वाटली नाही. तिथं चार माणसं डोळ्यांत तेल घालून उभी असतात. मला भीती वाटायला लागली ती टाके काढून झाल्यानंतरच्या दिवसांची, आणि तीही फार उशिरा.

थोडं समजावून सांगते. पित्त तयार होतं लिव्हरमध्ये. पित्ताशय म्हणजे नुसती साठवणीची पिशवी. आपण जेवलो की ती आवळते आणि पित्त आतड्यात सोडते. पिशवी काढली तरी पित्त तयार व्हायचं थांबत नाही, ते सतत थेंबथेंब आतड्यात उतरत राहतं. बहुतेकांना त्याचा काही त्रास होत नाही. आठ-पंधरा दिवसांत माणूस कामाला लागतो. दुर्बिणीतून ऑपरेशन करताना पोटात गॅस भरतात, त्यामुळं दोन-तीन दिवस खांदा दुखतो, तेही आम्ही आधीच सांगून ठेवतो. पण काही थोड्या लोकांचं दुखणं जात नाही. कुणाला जेवलं की लगेच जुलाब, कुणाला बरगडीखाली तीच जुनी कळ. कधी दुखणं पिशवीचं नव्हतंच, जठराचं होतं, असं मागाहून कळतं. आणि कधी एखादा खडा पिशवीतून आधीच निसटून पुढच्या मुख्य नळीत जाऊन बसलेला असतो. पिशवी काढून टाकली तरी तो तिथंच असतो.

अशी माणसं परत यायची ती आधी माझ्याकडे. सर, म्हणजे आमचे सर्जन, सकाळी थिएटरमध्ये असायचे. दुपारी ओपीडीत ऐंशी-नव्वद माणसं बसलेली. कुणाला सरांपर्यंत पाठवायचं आणि कुणाला दोन शब्द सांगून घरी लावायचं, हे मी ठरवायची. असं ठरवण्याचा अधिकार मला कुणी कागदावर दिला नव्हता. वर्षानुवर्षं करत गेले आणि तो माझा झाला. सर कौतुकानं म्हणायचे, "कदम सिस्टर आहेत म्हणून मला जेवायला वेळ मिळतो." मला त्याचा गर्व होता, आज कशाला खोटं बोलू.

मला सांगायचंय ते मायव्वा नावाच्या पेशंटचं, पण त्याआधी एका मास्तरांचं सांगते, म्हणजे माझी चूक किती मोठी होती ते कळेल. हे मास्तर साताऱ्याच्या एका शाळेत गणित शिकवायचे. सासुरवाडी सांगलीची, म्हणून ऑपरेशन आमच्याकडे. टाके काढताना छान बोलले, हसले. नंतर आठ महिन्यांत तीनदा आले. दर वेळी म्हणायचे, "पोट जरा बिघडतं." दर वेळी मी म्हणायची, "तेलकट बंद करा, पथ्य पाळा." चौथ्या वेळी ते एकटे न येता बायकोला घेऊन आले. बाईंनीच दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, "सिस्टर, हे सांगणार नाहीत, मी सांगते. यांनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहून ठेवलाय."

मास्तर खाली मान घालून बसले होते. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. सकाळी चहा-पोहे झाले की त्यांना दहा मिनिटांत पळावं लागायचं. एकदा भर वर्गात कपडे खराब झाले होते. तेव्हापासून ते शाळेत उपाशी जायचे. सातारा ते सांगली रस्त्यावर कुठल्या पेट्रोलपंपाचा संडास उघडा असतो आणि कुठल्याला कुलूप असतं, हे त्यांना तोंडपाठ होतं. "वर्गातल्या पोरांना कळलं होतं," ते म्हणाले. एवढंच बोलले.

मी त्यांना सरळ सरांकडे नेलं. सरांनी दहा-बारा प्रश्न विचारले आणि पाण्यात कालवून घ्यायची एक पावडर लिहून दिली. आतड्यात उतरणारं जादा पित्त ती बांधून ठेवते. आठवड्याभरात मास्तर बरे झाले. अर्ज फाडला. आठ महिने ज्यासाठी एक माणूस जिवंतपणी मरत होता, त्याला औषध होतं. फक्त दिवसातून किती वेळा आणि कधी, एवढं कुणी विचारलं नव्हतं. मी तर तीनदा विचारलं नव्हतं. त्यानंतर मी नव्या मुलींना हे मास्तर उदाहरण म्हणून सांगायची. विचारा, म्हणायची, पेशंट लाजतो, आपण लाजायचं नाही.

आणि तरीही मायव्वाच्या वेळी मी चुकले.

मायव्वा जत तालुक्यातली, अगदी कर्नाटकाच्या हद्दीजवळच्या वस्तीवरची. वय अडतीस-चाळीस. धनगराची बाई, उंच, काटक. नवऱ्याचं नाव बिराप्पा. त्यांची शंभरेक मेंढरं होती. दिवाळी झाली की कळप घेऊन ही मंडळी कऱ्हाडच्या बाजूला उतरायची, बागायतदारांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची आणि पावसाच्या तोंडावर माघारी यायची. सगळं चालत. बिऱ्हाड घोड्यावर आणि मायव्वा घोड्याच्या पुढं. घरी म्हातारी सासू आणि शाळेत जाणारी मुलगी, सुरेखा.

श्रावणात सरकारी योजनेतून मायव्वाचं ऑपरेशन झालं. दुर्बिणीतून, चार भोकांचं, काहीही गुंतागुंत न होता. चौथ्या दिवशी घरी गेली. महिन्यानं दाखवायला आली तेव्हा म्हणाली, मधूनच बरगडीखाली धरतं. सरांनी पोट दाबून पाहिलं, जखमा पाहिल्या, ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या. यात वावगं काही नव्हतं. महिन्याभरात असं अनेकांना होतं.

दुसऱ्यांदा ती आली दिवाळीच्या आठ दिवस आधी. सर थिएटरमध्ये होते, एक मोठी केस चालू होती. बाहेर बाकावर जागा नव्हती. बिराप्पा दाराशी फेटा काढून उभा, मायव्वा माझ्या समोर स्टुलावर.

"काय होतंय आता?" मी विचारलं.

"तसंच धरतंय. हितनं मागं पाठीत जातंय. घटकाभर लय दुखतंय, मग सुटतंय."

"रोज?"

"न्हाई. चार दिवसांनी, आठ दिवसांनी. आन् दुखलं की लघवी लाल हुती. चहावानी."

मी म्हणाले, "पाणी कमी पीत असशील. तुमच्याकडं पाण्याची तंगी."

तिनं दंडावरून पदर मागं सारला. मग म्हणाली, "अंग लय खाजतंय, सिस्टर."

"मेंढरांत असतेस की दिवसभर. लोकरीनं खाजत असेल."

लाल लघवी, अंगाला खाज, बरगडीखालची कळ पाठीत जाणारी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलीनंसुद्धा ही तीन वाक्यं एकापुढं एक ठेवली असती तर तिला उत्तर आलं असतं. मी प्रत्येक वाक्य सुटं घेतलं आणि प्रत्येकाला तिच्याच जगण्यातलं एक कारण चिकटवलं. जतची म्हणून पाणी कमी, धनगर म्हणून खाज. मी तिच्या डोळ्यांची पापणी खाली ओढून पाहिली, पण ड्रेसिंगच्या खोलीतल्या ट्यूबलाइटखाली. कावीळ बघायची तर पेशंटला खिडकीशी, उन्हाच्या उजेडात न्यायचं असतं. हे मीच पंचवीस वर्षं शिकवत आले होते. खिडकी चार पावलांवर होती.

बिराप्पानं विचारलं, "काय हाय, सिस्टर? आमाला दिवाळी झाली की निघायचंय. हिला न्यायची का ठेवायची?"

तेव्हा मी जे बोलले ते मला शब्दाला शब्द आठवतं. मी म्हणाले, "पिशवीच काढलीय, आता दुखायला काय आहे तिथं? थोडं मनाचं असतं ऑपरेशननंतर. चालली-फिरली की बरं वाटेल. घेऊन जा."

मायव्वानं माझ्याकडे एकदा पाहिलं. मग उठून पदर सारखा केला आणि बाहेर गेली. मी केसपेपरही काढला नव्हता. म्हटलं, दोन मिनिटांचं काम, कशाला रांगेत उभं करायचं.

संक्रांतीच्या सुमाराला एका दुपारी हॉस्पिटलसमोर पिकअप गाडी थांबली. मागच्या हौद्यात घोंगडीवर मायव्वा. कऱ्हाडच्या अलीकडं त्यांचा मुक्काम होता. तीन दिवसांपासून तिला थंडी वाजून ताप येत होता, दात वाजेपर्यंत हुडहुडी. जवळच्या एका डॉक्टरनं मलेरिया समजून इंजेक्शनं दिली होती. तिथं मोठी हॉस्पिटलं होती, पण बिराप्पाचं म्हणणं, जिथं ऑपरेशन झालं तिथंच न्यायचं, त्यांनाच ठाऊक असणार.

स्ट्रेचर आत घेताना मी तिचा हात धरला. तळहात हळदीनं माखल्यासारखा होता. तिनं डोळे उघडले. पांढरं असायला हवं तिथं पिवळंजर्द. तिनं मला ओळखलं.

"सिस्टर," ती म्हणाली, "आता दिसतंय का तुमाला?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. खरंच विचारत होती. मी "हो" म्हणाले.

सरांनी स्वतः सोनोग्राफी पाहिली. मुख्य नळी फुगलेली, खालच्या टोकाशी खडा. नळी तुंबलेली, पित्त कुजलेलं, आणि तो संसर्ग रक्तात गेलेला. असा खडा तोंडातून दुर्बीण घालून काढावा लागतो, ती सोय आमच्याकडे नव्हती. तासाभरात तिला मिरजेच्या एका मोठ्या हॉस्पिटलात हलवलं. मी अँब्युलन्समधून बरोबर गेले. तिकडच्या लोकांनी संध्याकाळच्या आत खडा काढला, काम चोख केलं. पण तोवर किडन्या थांबल्या होत्या, रक्तदाब धरत नव्हता. चौथ्या दिवशी ती गेली.

खडा वाटाण्याएवढा होता. लिव्हरची एक साधी रक्ततपासणी दिवाळीआधी केली असती तर संशय आला असता, आणि हेच काम ती चालत येऊन, चालत परत जाण्याइतकी धडधाकट असताना झालं असतं.

मी सरांच्या केबिनमध्ये गेले आणि दुसऱ्या भेटीचं सगळं सांगितलं. त्यांनी फाईल उलटीपालटी करून पाहिली. म्हणाले, "दुसऱ्या भेटीची नोंदच नाही."

"मी केसपेपर काढला नव्हता."

त्यांनी फाईल मिटली. मग म्हणाले, "पहिल्या भेटीला मीही रक्त तपासायला सांगू शकलो असतो. सिस्टर, तुमचं एक वर्ष राहिलंय. हे इथंच राहू दे."

ते वाईट माणूस नाहीत. मला वाचवावं असंच त्यांना वाटलं. आणि मीही ते इथंच राहू दिलं असतं, हेही लिहून टाकते. पंधरा दिवस मी गप्पच होते. ड्रेसिंगं केली, टाके काढले, नव्या मुलींवर ओरडले.

मग बिराप्पा कागदपत्रांवर सह्या घ्यायला आला. काम झालं तरी तो जाईना. ड्रेसिंगच्या खोलीच्या दाराशी तसाच फेटा काढून उभा राहिला. मी आत बोलावलं. तो स्टुलावर बसला नाही.

"तुमी म्हणाला हुता नव्हं सिस्टर, मनाचं हाय म्हणून."

"म्हणाले होते."

"मी तेच धरून बसलो. वाटंत ती खाली बसायची. म्हणायची, चालवंना. मी म्हणायचो, सिस्टरनं सांगितलंय, चाललीस की बरं वाटंल." तो थांबला. "एक डाव मी तिच्या अंगावर काठी टाकली. बसली हुती तिथनं उठंना म्हणून. मेंढरावर टाकतो तशी."

तो रडत नव्हता. कुणी झाडाचं किंवा जनावराचं सांगावं तसं सपाट सांगत होता.

"माझं मी बघतो," तो म्हणाला. "पर पोरगी खाईना झालीया. निघायच्या आदल्या दिशी ती आईला म्हणाली हुती, नाटक करू नगंस, आण्णा एकटंच कसं जात्याल. आता कुणासंगट बोलत न्हाई. मी सांगितलं तर म्हणती, तुमाला काय कळतंय. तुमी येऊन सांगता का तिला?"

"काय सांगू?"

"खरं काय हुतं ते."

पुढच्या रविवारी मी एसटीनं जतला गेले. तिथून वस्तीपर्यंत बिराप्पानं मोटरसायकलवर नेलं. वाटभर मी वाक्यं जुळवत होते. डॉक्टरी शब्दांत सांगायचं ठरवलं होतं. लाखात एखाद्याला असं होतं, कुणाचाच दोष नसतो, असं काहीतरी. एकतीस वर्षांत मी अशी वाक्यं पुष्कळांना दिली होती आणि लोक ती घेऊन मुकाट्यानं घरी गेले होते.

पत्र्याच्या दोन खोल्या, पुढं शेणानं सारवलेलं अंगण. सुरेखा चुलीपाशी बसली होती. पंधरा-सोळा वर्षांची, आईसारखीच उंच. मला पाहून उठली, पाण्याचा तांब्या दिला आणि परत जाऊन बसली. मी तिच्या शेजारी जमिनीवर बसले. जुळवलेलं एकही वाक्य तोंडातून निघेना.

शेवटी म्हणाले, "तुझ्या आईला दुखत होतं. खरंच दुखत होतं. नळीत खडा अडकला होता. ती मला सांगायला आली होती. तिनं सगळं बरोबर सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. मीच म्हणाले मनाचं आहे म्हणून. तू जे बोललीस ते माझ्यामुळं बोललीस."

ती चुलीतलं लाकूड मागं ओढत राहिली. मग तिनं विचारलं, "लय दुखत असंल?"

खोटं सांगायची फार इच्छा झाली. "हो," मी म्हणाले. "लय दुखतं ते. बाळंतपणापेक्षा जास्त, असं बायका सांगतात."

तिनं मान हलवली. मग गुडघ्यांत तोंड घालून रडायला लागली. मायव्वा गेल्यापासून पहिल्यांदा, असं बिराप्पानं नंतर सांगितलं. मी पाठीवर हात ठेवला, तिनं तो झटकला नाही.

थोड्या वेळानं तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "आजीलाबी सांगा."

म्हातारी अंगणात लिंबाखाली बसली होती. ही सून कामचुकार आहे, ऑपरेशनचं निमित्त करून बसून खाते, असं ती श्रावणापासून साऱ्या वस्तीला सांगत आली होती. मी तिच्यापुढं बसून सांगायला लागले. ती नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"तिला कमी ऐकू येतंय," सुरेखा मागून म्हणाली. "मोठ्यानं बोला."

मी मोठ्यानं बोलले. म्हातारीनं कानामागं हात धरला. "आं?"

शेजारच्या दोन घरांतल्या बायका बाहेर आल्या. कळशी घेऊन चाललेली एक जण थांबली. मेंढ्यांच्या वाड्यापाशी दोघं-तिघं पुरुष उभे होते, तेही इकडं वळले. केबिनमध्ये हलक्या आवाजात जे सांगून झालं होतं आणि जे तिथंच राहू दे म्हणून ठरलं होतं, ते मला आता छातीत श्वास भरून सांगायचं होतं.

"मायव्वाला दुखत होतं," मी ओरडून म्हणाले. "ती नाटक करत नव्हती. चूक माझी झाली. मी नर्स आहे, मला कळायला पाहिजे होतं, मी तिला माघारी घालवलं."

म्हातारीला या वेळी ऐकू गेलं होतं. मग तिनं माझ्या पांढऱ्या केसांकडं पाहिलं, माझ्या मांडीवरच्या पर्सकडं पाहिलं आणि शांतपणे विचारलं,

"व्हय? मग तवा का न्हाई सांगितलंसा, बाई? तवा ती जिती हुती."